यूपीआयच्या काळात कॉलेजच्या विद्यार्थ्याला डेबिट कार्ड हवंच का? फायदे, तोटे आणि एक मोठा धोका



कॉलेजच्या कॅन्टीनमध्ये वडापाव घ्या, झेरॉक्सवाल्याकडे जर्नलच्या प्रिंट काढा किंवा रिक्षाने स्टेशनला जा, खिशातून बाहेर येतो तो फोन. क्यूआर स्कॅन, पिन, झालं. ऑगस्ट २०२५ या एका महिन्यात देशात यूपीआयवरून २,००० कोटींहून जास्त व्यवहार झाले. त्यात तुमचा दहा-वीस रुपयांचा चहासुद्धा आला. मग खातं उघडताना बँकेने दिलेलं ते प्लास्टिकचं कार्ड करतं काय? बहुतेकांचं कपाटात, आधारच्या झेरॉक्सशेजारी पडलेलं असतं. वर्षातून एकदा मात्र ते स्वतःची आठवण करून देतं. एसएमएस येतो : कार्डाचं वार्षिक शुल्क कापलं.

ॲडमिशनच्या दिवसांत ओळखीतली मुलं-मुली मला हमखास विचारतात, कार्ड ठेवू की बँकेत जाऊन बंद करून टाकू? माझं उत्तर आधीच सांगतो. कार्ड ठेवा, पण बहुतेक वेळ ॲपमधून बंद करून ठेवा आणि दुसऱ्याच्या हातात कधीच देऊ नका. असं का म्हणतोय, ते आता सविस्तर बघूया.

डेबिट कार्ड म्हणजे नक्की काय?

डेबिट कार्डला आपण पाकीट समजतो. खरं तर ती तुमच्या बँक खात्याची किल्ली आहे. पाकीट हरवलं तर त्यात असतील तेवढेच पैसे जातात. किल्ली चुकीच्या माणसाच्या हाती लागली तर प्रश्न अख्ख्या खात्याचा असतो.

क्रेडिट कार्डात बँक आधी पैसे भरते आणि बिल तुम्हाला नंतर येतं. डेबिट कार्डात पैसे त्याच क्षणी तुमच्या बचत खात्यातून जातात. म्हणजे महाडीबीटीची स्कॉलरशिप, घरून आलेले मेसचे पैसे, पुढच्या सेमिस्टरची फी, जे काही त्या खात्यात असेल ते सगळं या किल्लीमागे असतं.

यूपीआय वापरणाऱ्यांनासुद्धा ही किल्ली लागते. नवीन फोनवर यूपीआय पिन सेट करताना कार्डाचे शेवटचे सहा आकडे आणि एक्सपायरीची तारीख विचारतात, आठवलं? आता आधार ओटीपीचाही पर्याय आहे. पण बँकेत दिलेला मोबाइल नंबर आणि आधारला जोडलेला नंबर एकच नसेल, तर तो पर्याय चालत नाही. अनेकांचा आधार अजून बाबांच्या नंबरला जोडलेला असतो. मग शेवटी शोधाशोध सुरू होते ती कार्डाचीच.

फायदे : कार्ड कुठे खरंच उपयोगी पडतं?

१. यूपीआय अडकतं तेव्हा. २६ मार्च आणि १२ एप्रिल २०२५ ला देशभर यूपीआय ठप्प झालं होतं. हॉटेलात जेवण झालंय, बिल समोर आहे आणि स्क्रीनवर गोल चक्र फिरतंय, हा अनुभव त्या दिवशी अनेकांनी घेतला. अशा वेळी कार्डाचा रस्ता वेगळा असल्यामुळे ते चालू शकतं. फोनची बॅटरी संपली किंवा लोकलच्या गर्दीत फोनच मारला गेला, तर सिम, ओटीपी, यूपीआय सगळं एकदम जातं. घरापासून लांब राहणाऱ्या मुलामुलींसाठी तेव्हा खिशातलं कार्ड हाच आधार असतो.

२. रोख पैसे लागतात तेव्हा. रूमचं डिपॉझिट, मेसच्या मावशी, गावाकडची वडाप, अशा बऱ्याच ठिकाणी अजून नोटाच चालतात. एटीएममधून फक्त पाचशेच्याच नोटा येतात ही जुनी तक्रार. त्यावर रिझर्व्ह बँकेने एप्रिल २०२५ मध्ये बँकांना सांगितलं की ३० सप्टेंबर २०२५ पर्यंत ७५ टक्के आणि ३१ मार्च २०२६ पर्यंत ९० टक्के एटीएममध्ये १०० किंवा २०० च्या नोटांचा किमान एक कप्पा हवा. काही एटीएमवर यूपीआयने, कार्डाशिवायही पैसे निघतात. पण ती सोय प्रत्येक मशीनवर नाही.

३. परदेशी पेमेंटसाठी. जीआरई किंवा टोफेलची फी, एखाद्या परदेशी सॉफ्टवेअरचं सबस्क्रिप्शन, क्लाउड सेवेवरचं खातं अशा ठिकाणी अनेकदा कार्डच मागतात. इथे एक गोष्ट लक्षात ठेवा. अनेक परदेशी वेबसाइट रुपे घेत नाहीत, व्हिसा किंवा मास्टरकार्ड घेतात. तुमच्या कार्डावर कुठला लोगो आहे हे फॉर्म भरायच्या शेवटच्या दिवशी बघू नका.

४. उधारी नाही. खात्यात ८०० असतील तर ८०० च खर्च होतील. क्रेडिट कार्डाचं बिल थकलं की बहुतेक बँका महिन्याला ३ टक्क्यांहून जास्त व्याज लावतात, म्हणजे वर्षाला ४० टक्क्यांच्या आसपास. स्वतःची कमाई सुरू होण्याआधी त्या चक्रात न अडकलेलं बरं.

५. विमा. हा फायदा अनेकांना माहीतच नसतो. जनधन खात्याच्या रुपे कार्डावर अपघात विमा असतो. २८ ऑगस्ट २०१८ नंतर उघडलेल्या खात्याला २ लाखांचा, त्याआधीच्या खात्याला १ लाखाचा. अट एवढीच की अपघाताच्या आधीच्या ९० दिवसांत त्या कार्डावर किमान एक व्यवहार झालेला हवा. इतर कार्डांवरही असा विमा असू शकतो, त्याची रक्कम आणि अटी बँकेला विचारून घ्या. घरात आईचं किंवा आजीचं जनधन खातं असेल, तर तीन महिन्यांतून एकदा त्यांचं कार्ड वापरून थोडे पैसे काढायची आठवण त्यांना तुम्हीच करा.

तोटे : छोट्या छोट्या कात्र्या

आता खर्चाचं बघू. डेबिट कार्डावर एकदम मोठी रक्कम कापली जात नाही. थोडं थोडं कापलं जातं, म्हणून लक्षात येत नाही.

वार्षिक शुल्क : प्रत्येक बँकेचं वेगळं असतं. उदाहरण म्हणून, स्टेट बँकेने एप्रिल २०२४ पासून साध्या क्लासिक कार्डाचं शुल्क १२५ वरून २०० रुपये केलं. त्यावर १८ टक्के जीएसटी धरला की २३६ रुपये होतात. वर्षातून तीनदा कार्ड वापरणाऱ्या विद्यार्थ्यासाठी हा प्रत्येक वापरामागे जवळपास ८० रुपयांचा खर्च झाला.

एटीएमचं शुल्क : स्वतःच्या बँकेच्या एटीएमवर महिन्याला ५ व्यवहार मोफत. दुसऱ्या बँकेच्या एटीएमवर महानगरात ३ आणि इतर ठिकाणी ५ मोफत. या नियमात महानगर म्हणजे मुंबई, दिल्ली, चेन्नई, कोलकाता, बंगळुरू आणि हैदराबाद ही सहाच शहरं. पुणे कितीही वाढलं तरी या यादीत नाही, त्यामुळे पुण्यात, नागपुरात किंवा नाशिकमध्ये शिकणाऱ्यांना ५ मिळतात. मोफत संपले की १ मे २०२५ पासून प्रत्येक व्यवहाराला २३ रुपयांपर्यंत शुल्क, वर जीएसटी, म्हणजे २७ रुपये १४ पैसे.

आता गणित करा. मुंबईत राहणाऱ्या एका मुलाचं खातं गावाकडच्या बँकेत आहे आणि तिचं एटीएम हॉस्टेलजवळ नाही. तो महिन्यात दुसऱ्या बँकेच्या एटीएममधून सहा वेळा दोनशे-दोनशे रुपये काढतो. पहिले तीन मोफत, पुढच्या तिनांचे ८१ रुपये ४२ पैसे. बाराशे रुपये काढायला ८१ रुपये, म्हणजे जवळपास ७ टक्के! हेच पैसे दोनदा सहाशे करून काढले असते तर शुल्क शून्य. आणि नुसता बॅलन्स बघितला तरी तो या मोजणीत एक व्यवहार धरला जातो. बॅलन्स ॲपमध्ये बघा, एटीएममध्ये नको.

बॅलन्स कमी असताना केलेला प्रयत्न : खात्यात पुरेसे पैसे नसताना एटीएममधून काढायला गेलात आणि व्यवहार नाकारला गेला, तर अनेक बँका त्याचेही २० ते २५ रुपये आणि जीएसटी घेतात. महिनाअखेरीला खात्यात जेमतेम दोन-अडीचशे उरलेल्या मुलाला याच दंडाचा चटका जास्त बसतो. मशीनमधले पैसे संपले म्हणून किंवा तांत्रिक बिघाडामुळे व्यवहार फसला, तर मात्र तो मोफत व्यवहारांतून वजा करता येत नाही.

रेल्वे तिकीट : आयआरसीटीसीवर नॉन-एसी तिकिटाला सुविधा शुल्क कार्डाने १५ रुपये, यूपीआयने १० रुपये. एसीला ३० आणि २०. जीएसटी वेगळा. दिवाळीला घरी जायचं तिकीट यूपीआयने काढलेलं स्वस्त पडतं.

परदेशी चलन : डॉलरमध्ये पेमेंट केलं की बँक रूपांतराचं शुल्क लावते, अनेक कार्डांवर ते साडेतीन टक्क्यांपर्यंत असतं. परीक्षेच्या फीचा हिशेब करताना ही रक्कम धरूनच चला.

हे पैसे बँका घेतात तरी का?

हा प्रश्न रास्त आहे. तुम्ही दुसऱ्या बँकेच्या एटीएममधून पैसे काढता तेव्हा तुमची बँक त्या बँकेला १९ रुपये देते. १ मे २०२५ च्या आधी हे १७ होते. म्हणजे २३ रुपयांतला मोठा हिस्सा पुढे जातो.

वार्षिक शुल्काची गोष्ट वेगळी आहे. १ जानेवारी २०२० पासून रुपे डेबिट कार्ड आणि यूपीआयच्या पेमेंटवर दुकानदाराकडून शुल्क घ्यायला बंदी आहे. दुकानदारासाठी ते छानच झालं. पण मशीन, नेटवर्क, कार्डाची छपाई, फसवणूक रोखणारी यंत्रणा, या सगळ्याचा खर्च काही संपला नाही. दुकानदार देत नाही म्हटल्यावर तो कुणाकडून तरी वसूल होणार. माझ्या मते खातेदाराच्या वार्षिक शुल्कात त्याचा एक भाग दिसतो. माझा आक्षेप इतकाच की लाखभर रुपये फिरवणारा आणि वर्षात तीनदा कार्ड वापरणारा विद्यार्थी, दोघांना एकच दर लावणं बरोबर नाही.

तोवर आपल्या हातात एक पर्याय आहे. बेसिक सेव्हिंग्ज खातं, म्हणजे बीएसबीडी. यात किमान शिल्लक ठेवायची सक्ती नसते आणि एटीएम-डेबिट कार्डाचं वार्षिक शुल्क नसतं. बँक हे खातं स्वतःहून सुचवेलच असं नाही, तुम्ही नाव घेऊन मागा. मात्र त्याच बँकेत दुसरं साधं बचत खातं ठेवता येत नाही.

कार्डाला कुलूप कसं लावायचं?

रिझर्व्ह बँकेच्या २०२० च्या नियमामुळे नवीन कार्ड फक्त देशातल्या एटीएमवर आणि दुकानातल्या मशीनवर चालू असतं. ऑनलाइन, परदेशी आणि टॅप करून पेमेंट या सोयी तुम्ही सुरू केल्या तरच सुरू होतात. बँकेच्या ॲपमध्ये कार्डाच्या सेटिंगमध्ये गेलात की प्रत्येकासाठी चालू-बंदचं बटण आणि रकमेची मर्यादा दिसेल. पाच मिनिटं काढा आणि एवढं करा :

• परदेशी व्यवहार बंद. फी भरायची असेल तेव्हा चालू करा, भरून झाली की लगेच बंद. परदेशी वेबसाइटवर अनेकदा ओटीपी विचारलाच जात नाही, म्हणून हे सगळ्यात महत्त्वाचं.
• टॅप पेमेंट बंद. यात ५,००० रुपयांपर्यंत पिन लागत नाही. कार्ड ज्याला सापडलं, त्यालाही लागणार नाही.
• ऑनलाइन व्यवहार गरजेपुरते. यूपीआय असताना बहुतेक ठिकाणी कार्डाचा नंबर टाकायची वेळ येत नाही.
• एटीएमची रोजची मर्यादा दोन-तीन हजारांवर आणा. रूमचं डिपॉझिट द्यायच्या दिवशी वाढवता येते.
• बँकेचा कार्ड ब्लॉक करायचा नंबर घरच्या एका माणसाच्या फोनमध्ये सेव्ह करून ठेवा. तुमचा फोन चोरीला गेला तर तो तुमच्याकडे नसणार.

पैसे गेलेच तर?

इथे वेळ फार महत्त्वाचा. रिझर्व्ह बँकेच्या २०१७ च्या नियमांनुसार चूक बँकेची असेल तर तुमचं नुकसान शून्य. चूक बँकेचीही नाही आणि तुमचीही नाही, मधल्याच कुठल्यातरी यंत्रणेतून चोरी झाली, अशा वेळी बँकेचा मेसेज आल्यापासून ३ कामकाजाच्या दिवसांत कळवलंत तरीही शून्य. ४ ते ७ दिवसांत कळवलंत तर साध्या बचत खात्याला जास्तीत जास्त १०,००० आणि बेसिक खात्याला ५,००० रुपयांपर्यंतचा भार तुमच्यावर. त्यानंतर कळवलंत तर सगळं बँकेच्या धोरणावर. आणि पिन किंवा ओटीपी तुम्हीच कुणाला दिला असेल, तर बँकेला कळवेपर्यंत गेलेले सगळे पैसे तुमचे. कळवल्यानंतर गेलेले बँकेचे.

म्हणून क्रम असा : आधी कार्ड ब्लॉक, मग बँकेकडे तक्रार आणि तिचा नंबर, मग लगेच १९३० या सायबर हेल्पलाइनवर फोन. बँकेने ३० दिवसांत उत्तर दिलं नाही किंवा ते पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे ऑनलाइन तक्रार करता येते, तीही फुकट. एटीएममधून नोटा आल्या नाहीत पण खात्यातून पैसे कापले गेले, तर बँकेने ५ दिवसांत ते परत करायचे असतात. त्यापुढे उशीर झाला तर दिवसाला १०० रुपये भरपाई. ही भरपाई मागावी लागू नये असं नियम सांगतो, पण तारीख तुम्ही लिहून ठेवा.

सगळ्यात मोठा धोका : "दोन दिवस तुझं कार्ड दे ना"

आतापर्यंतचं सगळं नुकसान रुपयांत मोजता येतं. हे मोजता येत नाही.

हॉस्टेलमध्ये, क्लासच्या ग्रुपवर, टेलिग्रामवर कुणीतरी विचारतं : "तुझं खातं वापरत नाहीस ना? महिनाभर दे, पाच हजार मिळतील." सोबत हवं असतं डेबिट कार्ड, पिन आणि त्या नंबरचं सिम. कारण गेमिंगचं, ट्रेडिंगचं किंवा टॅक्स वाचवण्याचं सांगतात. कधी विचारणारा अनोळखी नसतो, एक वर्ष पुढचा सीनियर असतो. त्यालाही कमिशन मिळत असतं.

प्रत्यक्षात काय होतं? डिजिटल अरेस्टच्या नावाखाली कुठल्यातरी निवृत्त शिक्षकाला घाबरवून पैसे उकळलेले असतात. ते थेट ठगाच्या खात्यात जात नाहीत, आधी तुमच्यासारख्या चार-पाच खात्यांतून फिरतात आणि मग कार्डाने एटीएममधून रोख निघतात. ठगाला तुमचं कार्ड एवढ्यासाठीच हवं असतं. नोटा हातात आल्या की माग संपतो, आणि त्या मागावरचं शेवटचं नाव असतं तुमचं. अशा खात्याला म्यूल अकाउंट म्हणतात. म्यूल म्हणजे खेचर, दुसऱ्याचं ओझं वाहणारं. ही खाती ओळखण्यासाठी रिझर्व्ह बँकेच्या बंगळुरूतल्या इनोव्हेशन हबने म्यूलहंटर नावाची एआय यंत्रणा तयार केली आहे, यावरून हा प्रकार किती पसरलाय याचा अंदाज येईल.

ज्याचे पैसे गेले तो १९३० वर तक्रार करतो. पैसे ज्या ज्या खात्यांतून गेले, ती गोठवली जाऊ शकतात. त्यात तुमची स्कॉलरशिप अडकते, फीची तारीख उलटते आणि दुसऱ्या राज्यातल्या पोलिसांची नोटीस घरी येते. "मला माहीत नव्हतं" हे तिथे सांगता येतं, पण खातं तुमचं, केवायसी तुमची, कार्ड तुमचं आणि पाच हजार घेतलेतही तुम्हीच. फसवणुकीच्या गुन्ह्यात नाव आलं की पासपोर्ट आणि नोकरीच्या वेळची पोलिस पडताळणी, दोन्हीकडे ते समोर येतं. पाच हजारांसाठी हा सौदा अतिशय महाग आहे.

याचाच एक साधा दिसणारा प्रकारही आहे : "तुझ्या खात्यात पैसे मागवतो, तू फक्त कॅश काढून दे." मित्र अडचणीत असेल तर स्वतःचे पाचशे रुपये द्या. त्याच्या नावाने आलेले अनोळखी माणसाचे पाच हजार काढून देऊ नका.

मग शेवटी काय करायचं?

शहराबाहेर शिकत असाल तर डेबिट कार्ड जवळ ठेवा. घरून कॉलेजला जात असाल, रोख फारशी लागत नसेल आणि बँक शुल्क घेत असेल, तर बिनशुल्काचं साधं कार्ड मागा किंवा बेसिक खात्याचा विचार करा. शक्य असेल तर स्कॉलरशिप आणि फीचं खातं वेगळं ठेवा, आणि रोजच्या खर्चाच्या खात्यात महिन्यापुरतेच पैसे टाका. मी स्वतः असंच करतो. खिशातलं कार्ड छोट्या खात्याचं आणि मोठ्या खात्याचं कार्ड घरी, सगळी बटणं बंद करून.

अकरावी-बारावीत असाल तर तुमच्यासाठीही एक सोय आहे. रिझर्व्ह बँकेच्या एप्रिल २०२५ च्या नियमानुसार १० वर्षांवरील मुलं स्वतः बचत खातं उघडून चालवू शकतात. कार्ड द्यायचं का आणि किती मर्यादेचं, हे बँक ठरवते. मिळालं तर पहिल्या दिवशी आई-बाबांसोबत बसून वरच्या पाच गोष्टी तपासा.

आणि आज हा लेख वाचून झाला की एकच काम करा. बँकेचं ॲप उघडा, कार्डाच्या सेटिंगमध्ये जा आणि परदेशी व्यवहार चालू आहेत की बंद ते बघा. शेजारी बसलेल्या मित्रालाही बघायला सांगा.